उरलेले १७८ पौंड : साउथ थॅनेटच्या निवडणूक खर्चाचे प्रकरण

ब्रिटनमध्ये खासदारकीच्या उमेदवाराला किती खर्च करता येतो हे ऐकले, तर आपल्याकडच्या एखाद्या नगरसेवकालाही हसू आवरणार नाही. ७ मे २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत साउथ थॅनेट मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराला शेवटच्या साडेपाच आठवड्यांसाठी १५,०१६ पौंडांची मर्यादा होती. तेव्हाच्या दराने साडेचौदा लाख रुपयांच्या आसपास. त्याच्या आदल्याच वर्षी महाराष्ट्रातल्या लोकसभा उमेदवाराला ७० लाखांपर्यंत खर्च करता येत होता.

साउथ थॅनेटमध्ये हुजूर पक्षाच्या, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या उमेदवाराने खर्च दाखवला १४,८३८ पौंड. मर्यादेच्या आत, १७८ पौंड शिल्लक ठेवून. त्या शिल्लकीवरून पुढे जवळजवळ चार वर्षे पोलीस, निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल गेली.

या लेखात तिघा आरोपींना नावांऐवजी उमेदवार, निवडणूक प्रतिनिधी आणि संघटक एवढेच म्हटले आहे. त्यांपैकी पहिले दोघे न्यायालयात निर्दोष ठरले, हे आधीच सांगून ठेवतो.

पार्श्वभूमी

साउथ थॅनेट हा केंट परगण्याच्या समुद्रकाठचा मतदारसंघ होता; २०२४ पासून तो या नावाने उरलेला नाही. रॅम्सगेट, ब्रॉडस्टेअर्स, सँडविच अशी जुनी बंदरे आणि सुटीला येणाऱ्यांची गावे. मतदार साधारण ७० हजार, म्हणजे महाराष्ट्रातल्या एका विधानसभा मतदारसंघाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे. २०१० मध्ये इथून हुजूर पक्ष निवडून आला होता, पण विद्यमान खासदार पुन्हा उभ्या राहणार नव्हत्या.

अशा जागेवर ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे म्हणणाऱ्या युकिप पक्षाचे तेव्हाचे नेते नायजेल फराज यांनी नजर ठेवली. मे २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत युकिप देशात पहिला आला होता, २४ जागा घेऊन. त्याच वर्षी हुजूर पक्षाचे दोन खासदार फुटून युकिपमध्ये गेले, राजीनामे देऊन क्लॅक्टन आणि रॉचेस्टर अँड स्ट्रूड इथे पुन्हा उभे राहिले आणि जिंकलेही. आपल्याकडे फुटलेला आमदार राजीनामा न देता विधानसभाध्यक्षांच्या निकालाची वाट पाहतो. तिकडे या दोघांनी मतदारांकडे परत जाण्याची जोखीम घेतली, याचे तेव्हा मला अप्रूप वाटले होते. असो. फराज खुद्द वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत पोहोचले, तर उजवीकडची मते कायमची फुटतील, ही धास्ती हुजूर पक्षाच्या लंडनमधल्या मुख्यालयाला होती. एका जागेच्या निकालावर पक्षाचे पुढचे दशक ठरू शकत होते. गंमत म्हणजे हुजूर पक्षाने फराज यांच्यासमोर जो उमेदवार दिला, तो स्वतः एकेकाळी युकिपचा हंगामी प्रमुख होता. काट्याने काटा काढायचा बेत.

आता पैशाचे नियम. ते समजल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही.

ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर आणि रेडिओवर राजकीय जाहिरातींना बंदी आहे. पक्षांना प्रक्षेपणाचा थोडा वेळ फुकट मिळतो, तेवढाच. त्यामुळे पैसा जातो तो पत्रकांत, टपालात, समाजमाध्यमांवर, सर्वेक्षणांत, पगारी माणसांवर आणि त्यांना ठेवायच्या हॉटेलांवर. या खर्चाच्या दोन वह्या असतात. पहिली उमेदवाराची. तिचे मूळ १८८३ च्या कायद्यात आहे. मते विकत घेण्याच्या उघड धंद्याला चाप लावायला तो आला. २०१५ मध्ये अंतिम टप्प्यासाठी ८,७०० पौंड आणि ग्रामीण स्वरूपाच्या मतदारसंघात दर मतदारामागे ९ पेन्स, असे गणित होते. त्याआधीच्या, डिसेंबरपासूनच्या लांब टप्प्यासाठी वेगळी मर्यादा: इथे सुमारे ३७ हजार पौंड.

दुसरी वही पक्षाची. ती आली थेट २००० सालच्या कायद्याने. लढवलेल्या दर जागेमागे ३० हजार पौंड, म्हणजे देशभर लढणाऱ्या पक्षाला १९ दशलक्ष पौंडांच्या आसपास मुभा. २०१५ मध्ये हुजूर पक्षाने या वहीत १५.६ दशलक्ष खर्च दाखवला, मजूर पक्षाने १२.१ दशलक्ष, युकिपने तीनपेक्षाही कमी. हुजूर पक्षाला पैसा मुख्यतः बड्या देणगीदारांकडून मिळतो. वर्षाला ५० हजार पौंड देणाऱ्यांचा नेत्यांसोबत जेवणारा एक गट पक्षाने उघडपणे चालवला होता. मजूर पक्षाचा कणा कामगार संघटना. युकिपला हाताच्या बोटांवर मोजता येतील असे श्रीमंत पाठीराखे. देणगी देणारा ब्रिटनच्या मतदारयादीत हवा किंवा संस्था तिथे नोंदलेली आणि काम करणारी हवी, आणि ठरावीक रकमेच्या वरची देणगी नावानिशी जाहीर करावी लागते. पण किती द्यावे याला कमाल मर्यादा नाही. देणगीला छत नाही, खर्चाला आहे. तिजोरी भरलेल्या पक्षासमोर म्हणून एकच प्रश्न उरतो: हा खर्च कोणत्या वहीत टाकायचा?

पेच

निवडणूक जिथे होते ती जागा मतदारसंघ. सगळ्यांत जास्त मते मिळवणारा जिंकतो, बाकीची मते वाया. त्याच निवडणुकीत युकिपला देशभर १२.६ टक्के, म्हणजे जवळपास ३९ लाख मते पडली आणि जागा मिळाली एक. हुजूर पक्षाला ३६.९ टक्क्यांत ३३० जागा आणि निसटते बहुमत मिळाले. अशा पद्धतीत पक्षाचा लाखो पौंडांचा देशव्यापी खर्च देशभर सारखा पसरून उपयोगाचा नसतो. तो शंभरेक अटीतटीच्या मतदारसंघांत ओतावा लागतो. आणि तिथे ओतला की तो स्थानिक खर्चासारखा दिसू लागतो.

पत्रकाचे उदाहरण सोपे. उमेदवाराचे नाव छापले की खर्च उमेदवाराच्या वहीत. पंतप्रधान कॅमेरन यांच्या सहीचे पत्र त्याच गल्लीतल्या त्याच घरात गेले, पण त्यात उमेदवाराचे नाव नसले, की पक्षाच्या वहीत. कागदावर हा भेद करता येतो. माणसाचे काय? मुख्यालयाने रॅम्सगेटच्या हॉटेलात आणून ठेवलेला कार्यकर्ता सकाळी उमेदवाराची पत्रके वाटतो, दुपारी फराज यांच्या जाहीरनाम्यातल्या चुका शोधून लंडनच्या पत्रकारांना पाठवतो, संध्याकाळी उमेदवारासोबत दारोदार फिरतो. त्याच्या रात्रीच्या खोलीचे भाडे कोणत्या वहीतले? ज्याने गणपती मंडळाचा हिशेब एकदा तरी लिहिला आहे, त्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल: मांडववाल्याचे जेवण मांडवखर्चात की प्रसादात?

साउथ थॅनेटमध्ये हा प्रश्न तात्त्विक नव्हता. पक्षाची एक मुरलेली संघटक मुख्यालयाकडून तिथे मुक्कामी आली होती, आणि तिच्याखेरीजही मुख्यालयातली वजनदार माणसे. पुढे उजेडात आलेले एका हॉटेलचे बिलच १४ हजार पौंडांच्या वर होते. उमेदवाराच्या वहीत जागा उरली होती १७८ पौंडांची. त्या बिलातल्या मोजक्या खोल्या जरी अंतिम टप्प्यातल्या आणि स्थानिक कामाच्या धरल्या, तरी मर्यादा मोडत होती.

समोरचे पर्याय

कायद्याच्या चौकटीत तेव्हा कोणकोणत्या वाटा होत्या, ते मी मांडून पाहिले. मुख्यालयात कोण कोणाला काय म्हणाले, या बंद दाराआडच्या गोष्टीत मी शिरत नाही.

सगळ्यांत सरळ वाट म्हणजे बाहेरची फौज आणायचीच नाही, स्थानिक कार्यकर्त्यांवर लढायचे. स्वयंसेवकाच्या फुकट श्रमाचा हिशेब धरावा लागत नाही. पण साउथ थॅनेटसारख्या ठिकाणी, फराज यांच्या प्रसिद्धीसमोर, ही वाट म्हणजे जागा सोडून देण्यासारखी होती. मुख्यालयाने ती घेतली नाही याचे नवल नाही.

दुसरी वाट फौज आणायची, पण कामे खरोखर वेगळी ठेवायची. फराज यांच्याशी देशपातळीवर लढणारा चमू लंडनमध्ये किंवा केंटमध्येच दुसरीकडे बसवायचा, उमेदवाराच्या कार्यालयाशी त्याचा रोजचा संबंध ठेवायचा नाही. हे महागडे आणि गैरसोयीचे, पण बचाव करता येण्याजोगे.

तिसरी वाट खर्चाची प्रामाणिक वाटणी. निवडणूक आयोगाचे मार्गदर्शन हेच सांगते: खर्च दोन्हीकडचा असेल तर त्याचे प्रामाणिक मूल्यमापन करून हिस्से पाडा. त्यासाठी कोण, कधी, काय करत होते याची नोंद लागते. ही वाट धरली असती, तर उमेदवाराच्या वहीतला दुसरा काही खर्च कापावा लागला असता. एखादे पत्रक कमी, एखादा फलक कमी.

चौथी वाट सगळे पक्षाच्या वहीत ढकलायची. फराज हे राष्ट्रीय पक्षाचे नेते, त्यांच्याविरुद्धचा प्रचार राष्ट्रीयच, असा युक्तिवाद करून. तो अगदीच पोकळ नव्हता, आणि म्हणूनच जास्त धोकादायक होता; अर्धे खरे असलेले कारण माणूस स्वतःलाही सहज पटवून देतो.

प्रत्यक्षात काय घडले

व्यवहारात चौथी वाट धरली गेली, तीही अर्धवट. काही खर्च पक्षाच्या वहीत गेला, काही कुठेच गेला नाही.

मतदानाच्या निकालात उमेदवाराला १८,८३८ मते मिळाली, फराज यांना १६,०२६. फरक २,८१२. त्याच दिवशी थॅनेटच्या स्थानिक परिषदेत मात्र युकिपने ५६ पैकी ३३ जागा जिंकल्या. एकाच दिवशी, जवळपास त्याच मतदारांनी. मुख्यालयाने नेमका कुठे जोर लावला होता, ते या दोन आकड्यांकडे पाहिले की कळते, असे मला वाटते. अर्थात तो पुरावा नव्हे.

उमेदवाराने आणि निवडणूक प्रतिनिधीने खर्चाच्या विवरणावर सह्या केल्या. ते तयार करण्यात संघटकाचा मोठा हात होता. ब्रिटनमध्ये निवडणूक प्रतिनिधी म्हणजे कायद्याने हिशेबाला जबाबदार माणूस. इथे तो स्थानिक आणि नवखा होता. कोणती खोली कोणासाठी घेतली हे ठाऊक असलेली माणसे वेगळी आणि ‘हा हिशेब पूर्ण व खरा आहे’ असे लिहून देणारी वेगळी, हा या प्रकरणातला पहिला तडा.

पुढे जवळजवळ वर्षभर सामसूम. मतदारसंघाच्या निकालाला निवडणूक याचिकेने आव्हान द्यायचे तर साधारण २१ दिवसांत द्यावे लागते. ती मुदत केव्हाच सरली होती. २०१६ च्या सुरुवातीला चॅनल ४ न्यूजच्या पत्रकारांनी हॉटेलांची बिले बाहेर काढली. थॅनेटची, २०१४ च्या पोटनिवडणुकांची, आणि देशभर कार्यकर्त्यांना घेऊन फिरलेल्या प्रचारबसचीही. पक्षाने बसबाबतचे सुमारे ३८ हजार पौंड नोंदवायचे राहून गेल्याचे मान्य केले आणि त्याला कारकुनी चूक म्हटले.

खटला भरायलाही एक वर्षाची मुदत असते. ती संपत आली तेव्हा केंट पोलिसांनी फोकस्टोनच्या दंडाधिकारी न्यायालयातून मुदतवाढ मागितली. तिला विरोध झाला, तो फेटाळला गेला. हा क्षण फारसा कोणाच्या लक्षात नाही. पण त्या दिवशी मुदतवाढ नाकारली गेली असती, तर पुढचा खटला उभाच राहिला नसता.

मार्च २०१७ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाला ७० हजार पौंडांचा दंड केला, तोवरचा सर्वांत मोठा. एक लाखाच्या वर खर्च विवरणातून गळला होता आणि आणखी एक लाखाच्या वर खर्च एकतर नोंदलेला नव्हता किंवा चुकीचा नोंदला होता, असा निष्कर्ष होता. एका गुन्ह्याला जास्तीत जास्त २० हजारांचाच दंड करता येत होता. १५ दशलक्ष खर्चणाऱ्या पक्षाला ७० हजार म्हणजे किस झाड की पत्ती. आयोगानेच दंडाची मर्यादा वाढवा असे म्हटले.

मे महिन्यात प्रचारबसच्या फायली बंद झाल्या. उमेदवारांना आणि प्रतिनिधींना मुख्यालयानेच हा राष्ट्रीय खर्च असल्याचे सांगितले होते, त्यामुळे त्यांचा अप्रामाणिकपणा सिद्ध होत नाही, असे सरकारी अभियोक्त्यांनी ठरवले. थॅनेटचे मात्र वेगळे ठरले. २ जून २०१७ ला तिघांवर आरोप ठेवले गेले. पंतप्रधान थेरेसा मे यांनी अचानक जाहीर केलेल्या निवडणुकीच्या मतदानाला तेव्हा सहा दिवस उरले होते. उमेदवार तरीही उभा राहिला आणि गेल्या वेळच्या दुपटीहून जास्त मताधिक्याने जिंकला.

न्यायालयात

खटला सुरू होण्याआधीच एक कायदेशीर प्रश्न वर गेला. पक्षाने उमेदवारासाठी काही फुकट पुरवले आणि उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने त्याला परवानगीच दिली नव्हती, तर ते त्याच्या खर्चात धरायचे का? अपील न्यायालय म्हणाले, परवानगी हवी. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले: वस्तू किंवा सेवा उमेदवाराच्या वतीने वापरली गेली, एवढे पुरे, परवानगीची अट कायद्यात नाही.

देशातल्या सगळ्याच पक्षांच्या कार्यालयांत यामुळे धडकी भरली असणार. मुख्यालयाने न विचारता मदत पाठवायची आणि हिशेब उमेदवाराने द्यायचा.

खटला लंडनच्या सदर्क न्यायालयात चालला. अभियोग पक्षाचे म्हणणे, ६६ हजार पौंडांपर्यंतचा खर्च लपवला गेला. ९ जानेवारी २०१९ ला ज्यूरीने उमेदवाराला आणि प्रतिनिधीला निर्दोष ठरवले. मुख्यालयाच्या सांगण्यावर आपण भरवसा ठेवला, हा उमेदवाराचा बचाव होता. संघटक मात्र दोषी ठरली: खोट्या विवरणाला साह्य केल्याच्या दोन आरोपांत. नऊ महिन्यांची स्थगित शिक्षा आणि ५ हजार पौंड दंड. न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना पक्षाच्या मुख्यालयातल्या सोयीस्कर आत्मवंचनेच्या वातावरणावर आणि अपुऱ्या देखरेखीवर बोट ठेवले. तरी आरोपीच्या पिंजऱ्यात मुख्यालयातून आलेली ती एकटीच होती.

फायद्याचा हिशेब मांडला तर पक्षाचे काहीच बुडाले नाही. जागा गेली नाही. सत्ता त्याच्याच हाती राहिली, आणि त्या सत्तेने २०२२ च्या निवडणूक कायद्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला बगल दिली. आता फुकट मिळालेली मदत उमेदवाराच्या वहीत धरायची तर त्याने किंवा प्रतिनिधीने तिचा वापर करायला सांगितलेले, परवानगी दिलेली किंवा प्रोत्साहन दिलेले हवे. पुढच्याच वर्षी पक्षांची खर्चमर्यादा दर जागेमागे ३० हजारांवरून ५४ हजारांच्या वर गेली. महागाईचे कारण दिले गेले. २००० पासून आकडा हललाच नव्हता, त्यामुळे ते खोटेही नव्हते.

वेगळे काय करता आले असते

लोक पहिले बोट संघटकाकडे दाखवतात. माझ्या मते खरा क्षण त्याआधीचा आहे: ज्या दिवशी हॉटेलच्या खोल्या राखून ठेवल्या गेल्या. त्या दिवशी कोणीतरी एका कागदावर लिहायला हवे होते की ही खोली कोणासाठी, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या वहीतली. नंतर, सह्यांची तारीख डोक्यावर आल्यावर आठवून केलेली वाटणी प्रामाणिक असली तरी तसे सिद्ध करता येत नाही. कारण तोवर कोणता आकडा हवा आहे, हे सगळ्यांना माहीत झालेले असते.

प्रतिनिधीकडून दुसरी गोष्ट अपेक्षित होती: सही करण्याआधी मुख्यालयाकडे लेखी विचारणे, की या मतदारसंघात तुम्ही काय काय खर्च केला. विचारले असते तर उत्तर तरी मिळाले असते, नाही तर न मिळाल्याचा पुरावा. नवख्या माणसाने बड्या मुख्यालयाला असे विचारणे सोपे नसते, हे मान्य. म्हणूनच अटीतटीच्या जागेवर नवखा प्रतिनिधी नेमणे हाही एक निर्णयच होता.

विरोधकांचेही थोडे बोलू. मुख्यालयातली वजनदार माणसे रॅम्सगेटसारख्या छोट्या गावात मुक्कामी राहतात, ही गोष्ट लपणारी नाही. त्या २१ दिवसांत कोणी याचिका घातली असती, तर प्रश्न थेट निकालाच्या वैधतेचा झाला असता. पण विवरणे दाखल होतात तीच मुळात निकालानंतर काही आठवड्यांनी. खर्चातल्या गैरप्रकाराच्या आरोपाला म्हणून कायदा विवरणानंतरही थोडी मुदत देतो, पण हॉटेलांची बिले बाहेर आली तेव्हा तीही केव्हाच सरली होती.

भारताशी तुलना एका बाबतीत खरी लागू पडते. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाहीच. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराचा धरावा असे म्हटले, तर संसदेने लगोलग कायदा बदलून तो वगळला. ब्रिटनच्या संसदेला २०१८ च्या निकालानंतर तिथपर्यंत यायला चार वर्षे लागली, आणि तीही अर्ध्याच वाटेवर थांबली. उमेदवाराने प्रोत्साहन दिले असेल तर खर्च अजून त्याचाच. हॉटेलच्या दारात बाहेरगावच्या चमूला भेटून ‘जोरात चाललंय, थांबू नका’ असे म्हणणारा उमेदवार प्रोत्साहन देतो की नुसती विचारपूस करतो, हे आता कोणत्या तरी पुढच्या खटल्यात ठरेल.